पानगळीचा आठवडा: प्राथमिक वर्गात पाच दिवस कसे आखावेत

पानगळीचा ऋतू आला की प्राथमिक वर्गांच्या भिंती केशरी-पिवळ्या कागदी पानांनी भरून जातात. दिसतं छान, पण बऱ्याचदा ती पानं कापलेली शिक्षकांनी असतात आणि खिडकीबाहेरचं खरं झाड कुणी नीट पाहिलेलंच नसतं. या आठवड्याची आखणी नेमकी उलटी करायची. एक खरं झाड निवडायचं आणि गणित, विज्ञान, भाषा, चित्रकला हे सगळं त्याच्याच पानांवरून शिकवायचं. मूल एकाच पानाकडे पाच दिवस पाच तऱ्हांनी पाहतं, तेव्हा त्याचे प्रश्न आपोआप खोल होत जातात.

आठवडा सुरू होण्याआधी

शाळेच्या आवारात किंवा पायी जाता येईल इतक्या अंतरावर, पानं रंग बदलू लागली आहेत असं एक झाड शोधा. पानझडीचं कुठलंही झाड चालेल: मॅपल, ओक, गिंकगो, बर्च. जवळपास पाईनसारखं सदाहरित झाड असेल तर फारच उत्तम, तुलनेला कामी येतं. आधी एकटे जाऊन जागा पाहून या. खाज आणणाऱ्या वनस्पती, काटे, फुटक्या काचा यांवर नजर टाका. कुणाला बुरशीची किंवा परागकणांची ॲलर्जी आहे का, तेही पालकांना विचारून ठेवा.

साहित्य थोडंच लागतं: भिंगं, चौकटीचे कागद, जुनी वर्तमानपत्रं, मेणाचे खडू, पांढरी चादर, झाकणाच्या काचेच्या बरण्या, कॉफी गाळण्याचे कागद आणि १ मीटर लांबीची सरळ काठी.

सोमवार: आधी पाहा, मग बोला

पहिल्या दिवशी काहीही समजावून सांगू नका. हे शिक्षकांना सर्वांत जड जातं, कारण 'पानं का गळतात' याचं उत्तर आपल्या ओठांवरच असतं. मुलांना झाडाखाली न्या. खाली पडलेल्या पानांतलं प्रत्येकाने एक 'माझं पान' निवडायचं. त्याशिवाय गटासाठी दहा-पंधरा पानं गोळा करायची. फांदीवरचं पान तोडायचं नाही, हा नियम निघण्यापूर्वीच सांगा.

वर्गात आल्यावर मोठ्या कागदाचे दोन भाग करा: 'मला दिसलं' आणि 'मला प्रश्न पडला'. मुलं बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. "झाडाला दुखतं का?" हा प्रश्नसुद्धा तसाच लिहायचा. हा कागद शुक्रवारपर्यंत भिंतीवर राहील.

त्याच दिवशी आणखी दोन कामं सुरू करून द्या. जास्तीची पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जड पुस्तकं रचा; ती सुकायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आजच ठेवायची. दुसरं काम सावलीचं. मोकळ्या जागेत काठी उभी रोवा, दुपारची एक वेळ ठरवा आणि सावलीच्या टोकाशी खूण करून लांबी मोजा. रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला मोजायचं. उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी होते, त्यानंतर दिवस लहान होत जातो आणि दुपारचा सूर्य आकाशात खाली सरकत जातो. मध्य अक्षांशांवर १ मीटर काठीची सावली त्या सुमारास चार-पाच दिवसांतही काही सेंटिमीटरने वाढलेली दिसते. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, हे पृथ्वीगोल हातात घेऊन नंतर दाखवता येईल. आधी मुलांच्या हातात त्यांची स्वतःची मोजमापं असू द्या.

मंगळवार: पानांचं गणित

गटातली पानं टेबलावर पसरा आणि एवढंच सांगा: "यांचे ढीग करा, आणि तसे का केले ते आम्हाला सांगा." निकष तुम्ही देऊ नका. कुणी रंगावरून करेल, कुणी आकारावरून, कुणी काठावरून. दातेरी काठ, सरळ काठ, खोल कापलेला काठ हे फरक मुलं स्वतःच शोधतात. मग जमिनीवर दोऱ्यांची दोन मोठी वर्तुळं एकमेकांत अडकवून मांडा. एकात 'पिवळी', दुसऱ्यात 'दातेरी'. जे पान पिवळंही आहे आणि दातेरीही, ते कुठे ठेवायचं, यावर होणारा वाद पूर्ण होऊ द्या.

पहिली-दुसरीच्या मुलांनी पानं लांबीप्रमाणे ओळीत लावावीत. तिसरी-चौथीच्या मुलांना क्षेत्रफळ द्या. 'माझं पान' चौकटीच्या कागदावर ठेवून कडेने रेघ मारायची. पूर्ण चौकोन मोजायचे, अर्धा किंवा त्याहून जास्त भरलेला चौकोन एक धरायचा, त्याहून कमी भरलेला सोडून द्यायचा. वेड्यावाकड्या आकाराचं क्षेत्रफळही काढता येतं, हे कळल्यावर मुलांना मोठी ताकद आल्यासारखी वाटते. सममिती शिकवायची असेल तर मधल्या शिरेवर छोटा आरसा उभा धरा. एल्मचं पान मिळालं तर आवर्जून दाखवा: त्याच्या बुडाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात.

बुधवार: रंग कुठून आले?

आठवड्याचा गाभा हाच दिवस आहे, त्यामुळे शक्य असेल तर दोन तास सलग घ्या.

सुरुवात मुलांच्या अंदाजांनी करा. पिवळा रंग नवा आला की आधीपासून होता? हात वर करून मतं घ्या, आकडे फळ्यावर लिहा. मग प्रयोग. आज झाडावरची मोजकी हिरवी पानं लागतील, ती शिक्षकांनीच आणावीत. पानांचे बारीक तुकडे करून बरणीत घाला, ती बुडतील इतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता आणि लाकडी दांडीने चेचा. बरणीवर झाकण सैलसर ठेवून ती नळाच्या कढत पाण्याच्या परातीत अर्धा तास ठेवा. पाणी थंड झालं की बदला. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खोलीत ज्योत किंवा शेगडी अजिबात नको. खिडक्या उघड्या ठेवा आणि ओतण्याचं काम मुलांकडे देऊ नका. द्रव गडद हिरवा झाला की कॉफीच्या कागदाची लांब पट्टी त्यात टोक बुडेल अशी सोडा. तासाभरात द्रव पट्टीवर चढतो आणि हिरव्याबरोबर पिवळ्याचा पट्टाही वेगळा दिसू लागतो.

हिरव्यागार पानातून पिवळा रंग निघाला! आता समजावण्याची वेळ. पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या मदतीने झाडाचं अन्न बनवतं. ते सतत मोडत असतं आणि उन्हाळाभर झाड ते पुन्हा पुन्हा तयार करत राहतं. दिवस लहान आणि थंड होऊ लागले की ही निर्मिती थांबते. हिरवा ओसरला की कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी द्रव्यं दिसू लागतात. ती आधीपासून तिथेच होती. लाल रंगाची गोष्ट वेगळी. मॅपलसारख्या झाडांत अँथोसायनिन हे लाल द्रव्य बहुतांशी याच ऋतूत, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्याने बनतं. उजळ दिवस आणि गार, पण गोठवणाऱ्या नव्हेत अशा रात्री लाभल्या तर लाल अधिक खुलतो. मुलांना ही नावं पाठ करायला लावू नका. 'लपलेला रंग' आणि 'नवा रंग' एवढा भेद पुरे.

उरलेल्या वेळात गळून पडलेली एखादी डहाळी भिंगाखाली द्या. पान जिथून सुटलं तिथे लहानसा व्रण दिसतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. वारा केवळ शेवटचा धक्का देतो. व्रणाच्या अगदी वर बारीक कळी असते: पुढच्या वसंतातली फूट आत्ताच तयार आहे. "झाड मेलं का?" असं सोमवारी विचारणाऱ्या मुलाला ही कळी स्वतः शोधू द्या. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीतून पाणी घेणं अवघड होतं आणि पसरट पानांतून पाणी उडत राहतं, म्हणून पानं टाकणं झाडाच्या हिताचं. पाईनच्या सुया बारीक आणि मेणचट असतात, त्या तग धरतात.

गुरुवार: भाषा आणि ठसे

'पानगळ' या विषयावर निबंध नको. प्रत्येकाने आपल्या पानाचं चार-पाच ओळींत असं वर्णन लिहायचं की दुसऱ्या मुलाला ते वाचून ढिगातून तेच पान शोधता यावं. 'सुंदर' शब्द इथे उपयोगाचा नाही. 'देठाजवळ भोक आहे, डावं टोक तुटलं आहे' हे लागतं. पान सापडलं नाही तर लिहिणाऱ्याने वर्णनात भर घालायची. लेखनाची दुरुस्ती कशासाठी करायची, हे मुलांना यातून जितकं पटतं तितकं लाल शाईने कधीच पटत नाही. अजून लिहिता न येणाऱ्यांनी हाच खेळ तोंडी खेळावा.

ठशांसाठी पानाची शिरांची बाजू वर ठेवा, पातळ कागद झाका आणि मेणाचा खडू आडवा धरून घासा. पान मऊ हवं, वाळकं चुरतं.

शुक्रवार: गळल्यानंतर

झाडाखालचा ओलसर पालापाचोळा, थोड्या मातीसकट, पांढऱ्या चादरीवर पसरा. गांडुळं, कोळी, गोगलगायी, बुरशीचे पांढरे धागे यांपैकी काही ना काही हमखास सापडतं. पाहा, चित्र काढा, सगळं जागच्या जागी परत ठेवा आणि हात धुवा.

मग दोन बरण्या भरा: एकीत ओली माती आणि पानांचे तुकडे, दुसरीत कोरडी वाळू आणि तसेच तुकडे. झाकणं बंद करून तारीख लिहा. बुरशी येईल, म्हणून मुलांनी त्या उघडायच्या नाहीत, बाहेरूनच पाहायच्या. दर सोमवारी दोघाजणांनी पाहून एक ओळ आणि एक चित्र वहीत काढायचं. ओल्या मातीतली पानं आधी काळपट, मऊ होत जातात, वाळूतली बराच काळ तशीच राहतात.

शेवटच्या तासाला सोमवारचा प्रश्नांचा कागद काढा. ज्यांची उत्तरं मिळाली त्यांवर खूण करा आणि ते कशावरून कळलं, हे मुलांनाच सांगू द्या. सावलीच्या मोजमापांचा स्तंभालेखही याच वेळी काढा. अनुत्तरित प्रश्न खोडू नका. कागद बरण्यांच्या वर लावून ठेवा, म्हणजे दर सोमवारच्या नोंदीबरोबर तेही वाचले जातील.