चालू इंजिनवर न्यूट्रल पडत नव्हता, शेवटी दोष क्लच केबलचा निघाला
रत्नागिरीत समुद्राला लागून राहतो. बाईक उभी, इंजिन चालू, की न्यूट्रल पडायचाच नाही, पहिल्यातनं थेट दुसऱ्यात, बंद केली की मात्र लगेच पडायचा. ऑइल बदललं, गिअर लिव्हरची सेटिंग केली, काही फरक नाही, दोन महिने वैताग नुसता.

बंद इंजिनवर पडतो म्हणजे गिअरबॉक्सवर संशय नको, लिव्हर दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल काढली तर खाऱ्या हवेने आतून गंजलेली. आधी हँडलकडचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घेतला, नवी केबल जुन्याच वाटेने घातली, मग इंजिनकडच्या नटाने क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिमी फ्री प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवला (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा), लॉकनट टाईट केला, बारीक फरक वरच्या, हँडलकडच्या अ‍ॅडजस्टरने काढला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून प्ले तेवढाच राहतो का ते नक्की बघा. आता उभ्या गाडीत एका टिचकीत न्यूट्रल.