घरच्या कॉम्प्युटरची राखण: सुरुवात मेलच्या खात्यापासून

ताईचा फोन आला तेव्हा ती घाबरलेली नव्हती, वैतागलेली होती. "अगं, बँकेचे मेल येतच नाहीत मला. यांना येतात, मलाच नाही." पंधरा दिवसांपूर्वी तिच्या मेलच्या खात्यात अनोळखी ठिकाणाहून कुणीतरी शिरल्याची सूचना आली होती आणि तिने लगेच पासवर्ड बदलला होता. तिथेच विषय संपला असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

मी तिच्या कॉम्प्युटरवर बसले. आधी स्पॅम पाहिलं, मग ट्रॅश. ट्रॅशमध्ये बँकेचे मेल ओळीने पडले होते, एकही उघडलेला नव्हता. सेटिंग्जमध्ये फिल्टरचं पान उघडलं तर तिथे एक फिल्टर होता, ताईने कधीच न केलेला: ज्या मेलमध्ये बँक, पासवर्ड किंवा व्यवहार हे शब्द असतील तो एका अनोळखी पत्त्यावर पाठवायचा आणि इथून डिलीट करायचा. पासवर्ड बदलल्यावर तो माणूस बाहेर पडला होता खरा, पण जाताना पोस्टमनला स्वतःचा पत्ता देऊन गेला होता.

तेव्हापासून घरातलं कुणीही "कुठला अँटीव्हायरस घेऊ?" असं विचारायला आलं की मी आधी त्याचं मेलचं खातं उघडायला लावते. दुसऱ्या कुठल्याही साइटवर "पासवर्ड विसरलात?" वर क्लिक केलं की नवी लिंक मेलवरच येते. म्हणजे मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकी सगळं. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, तो फक्त चालू आहे ना ते पाहा. वेळ मेलवर घालवा.

अर्धा तास काढा आणि फोनवर नको, कॉम्प्युटरवर बसा. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये फिल्टर दिसत नाहीत, म्हणून ताईला ते इतके दिवस कळलं नाही. आधी नवा पासवर्ड द्या, जो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. मग "डिव्हाइसेस"ची यादी उघडा आणि ओळखीचं नाही ते प्रत्येक डिव्हाइस साइन आउट करा. मग सेटिंग्जमधली दोन ठिकाणं पाहा: फॉरवर्डिंग आणि फिल्टर. आउटलुकमध्ये फिल्टरला रूल्स म्हणतात. जे तुम्ही स्वतः केलेलं आठवत नाही ते काढून टाका, पण आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे बँकेला किंवा पोलिसांना सांगायची वेळ आली तर तो लागतो.

त्यानंतर रिकव्हरीचा फोन नंबर आणि दुसरा मेल पत्ता. हे बहुतेक जण खातं उघडताना एकदा भरतात आणि पुन्हा ढुंकूनही पाहत नाहीत. ताईच्या खात्यात तिने चार वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर होता. बंद झालेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात, म्हणजे खातं परत मिळवायचा कोड एखाद्या परक्या माणसाच्या फोनवर गेला असता. शेवटी, कुठल्या ॲप्सना आणि साइट्सना तुमचं खातं वाचायची परवानगी दिली आहे ती यादी पाहा. वापरात नाही ते सगळं काढा.

आता, तो माणूस मुळात शिरला कसा? ताईने एका खरेदीच्या साइटवर मेलचाच पासवर्ड ठेवला होता. तिथली यादी बाहेर फुटली. अशा याद्या हाती लागल्या की त्यातली मेल आणि पासवर्डची प्रत्येक जोडी शेकडो साइट्सवर लावून पाहिली जाते. हे काम माणूस करत नाही, प्रोग्रॅम करतो, म्हणून "माझ्यासारखीच्या मागे कोण लागणार" या विचाराला अर्थ उरत नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, तेही साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात. त्यात सगळ्यात जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड १२३४५६ होता.

तुमचा पत्ता अशा एखाद्या यादीत आहे का, ते "हॅव आय बीन पोन्ड" या साइटवर पाहता येतं. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे मेल पत्ता टाकायचा, पासवर्ड नाही. तिथे फुटलेल्या साइटचं नाव आलं तर घाबरू नका, जुन्या पत्त्यांपैकी कितीतरी पत्ते त्यात आहेत. त्या साइटचा पासवर्ड आणखी कुठे वापरला होता ते आठवा आणि त्या सगळ्या जागी बदला.

प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड ठेवायचा तर ते डोक्यात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे ते जपून ठेवणारा आणि भरून देणारा प्रोग्रॅम. मी बिटवॉर्डन वापरते. ज्यांना सगळं आपल्याच मशीनवर हवं त्यांना कीपासएक्ससी चांगलं. त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात, फक्त त्या फाइलची कॉपी ठेवायची जबाबदारी आपली. मॅनेजरचा एक फायदा मला नंतर कळला. खोट्या साइटवर तो पासवर्ड भरतच नाही, कारण त्याने जपून ठेवलेला पत्ता आणि समोरचा पत्ता जुळत नाही. डोळा फसतो, मॅनेजर फसत नाही. तो गप्प राहिला तर तिथे हाताने पासवर्ड टाइप करू नका. थांबा आणि पत्ता वाचा.

मॅनेजरचा मुख्य पासवर्ड मात्र लक्षात ठेवावाच लागतो. त्यासाठी मी फासे वापरले. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: पाच फासे टाकायचे, आलेले पाच आकडे ७,७७६ शब्दांच्या यादीत शोधायचे आणि समोरचा शब्द लिहून घ्यायचा. असं सहा वेळा. ताई म्हणाली, "मीच सुचवते की सहा शब्द." नको. आपल्याला सुचणारे शब्द मुलांच्या नावांकडे, देवांच्या नावांकडे, वाढदिवसांकडेच जातात. फाशांना तसा कल नसतो. सहा शब्दांचं विचित्र वाक्य तिला दोन दिवसांत पाठ झालं. ते दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. बळजबरीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. फुटल्याची शंका आली तर बदला.

पुढचं काम टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणं. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा, पण कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तर तो कोड त्याच्याकडे जातो. ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनमध्येच तयार होतो, नेटवर्क नसलं तरी चालतं. मात्र खोट्या पानावर तुम्ही स्वतःच तो टाइप केला तर तोही जातो. जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने आत जायची सोय आहे तिथे ती घ्या. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, खोट्या साइटवर चालतच नाही. टू-स्टेप चालू करताना रिकव्हरी कोड मिळतात. ते त्याच क्षणी कागदावर उतरवा. फोन हरवला तर आत जायला तेवढाच रस्ता उरतो आणि "नंतर लिहू" म्हणणारे कितीतरी जण आपल्याच खात्याबाहेर अडकलेले मी पाहिलेत.

लिंक वाचायची एक सवय. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत जा. रेघेला लागून असलेले शेवटचे दोन तुकडे, काही देशांच्या पत्त्यांत तीन, हे खऱ्या मालकाचं नाव. "तुमचीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट" हा पत्ता बँकेचा नाही, खातेतपासणी डॉट नेट नावाच्या कुणाचा तरी आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. मधला मजकूर कुणी वाचू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे कोण बसलंय ते चिन्ह सांगत नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं. माझा नियम सोपा आहे: बँकेचा मेल आला तरी लिंकवरून जायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा किंवा बुकमार्कवरून जायचं. आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे ॲप टाका, मी स्क्रीन पाहतो" असं सांगणारा फोन आला तर तो मध्येच ठेवून द्या. आपल्याकडची बहुतेक माणसं सभ्यपणाने पुढचं ऐकून घेतात आणि तिथेच अडकतात. अशा वेळी फोन ठेवणं हा उद्धटपणा नाही.

अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अजून त्यावर असाल तर नव्या विंडोजचा किंवा वाढीव सुरक्षा अपडेट्सचा विचार आता करा.

बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. कॉपी झाली की ती काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतं. मी महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी फाइल उघडून पाहते, कारण जो बॅकअप कधी उघडूनच पाहिला नाही तो आहे असं मी धरत नाही.

ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, मोजा. "सर्व साइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी घेतलेलं एक्स्टेन्शन तुमचं बँकेचं पानही वाचू शकतं. ताईच्या ब्राउझरमध्ये अशी अकरा होती, आता दोन आहेत. फोनमध्ये लोकेशन, माइक आणि कॉन्टॅक्ट्स कुणाकुणाला दिलेत तेही याच बैठकीत पाहून घ्या. राउटरचा ॲडमिन पासवर्ड डब्यावर छापलेला असेल तर बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन देऊन वाय-फायला जोडायची सोय) बंद करा आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा.

राहिला कागद. त्यावर मॅनेजरचे सहा शब्द, मेलचे रिकव्हरी कोड आणि फोनचा पिन, बाकी काही नाही. तो पाकिटात घालून चिकटवायचा, चिकटवल्या जागेवर सही करायची आणि कॉम्प्युटरजवळ ठेवायचा नाही. ताईचं पाकीट माझ्या कपाटात आहे, माझं तिच्या. भेटलो की दोघी आपापली सही पाहून घेतो.