रेव्हनलॉफ्ट नव्याने रचताय? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून पात्रं होऊन खेळायचा खेळ) खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपात कुणाला तरी रेव्हनलॉफ्टच्या, म्हणजे व्हॅम्पायर स्ट्राडच्या बरोव्हिया राज्यातल्या, हॉरर कॅम्पेनची (बैठकांमागून बैठका चालणाऱ्या कथेची) हुक्की येते. "पण बरोव्हिया जशीच्या तशी नाही हं, मी रीडिझाइन केलंय," असं तो सांगतो आणि ग्रुपवर एक लांबलचक फाइल येऊन पडते. राजघराण्याची वंशावळ असते, किल्ल्याचा नकाशा असतो, धुकं, वटवाघळं, मेणबत्त्या सगळं असतं. नियमांबद्दल मात्र एक ओळ नसते. चार सेशनांत कॅम्पेन बारगळतं आणि खापर प्लेयर्सच्या डोक्यावर फुटतं: "आपल्याकडे लोक सीरियसली खेळतच नाहीत."

लोक सीरियसली खेळतात. फाइलच चुकलेली असते.

1983 साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याचं 'रेव्हनलॉफ्ट' हे मॉड्यूल (तयार कथेचं पुस्तक) आलं तेव्हा त्यात एक किल्ला, एक गाव आणि एक व्हॅम्पायर, एवढाच ऐवज होता. 1990च्या बॉक्समध्ये (डब्यातून आलेल्या संचात) ब्रूस नेस्मिथ आणि अँड्रिया हेडे यांनी त्याचं आख्खं जग केलं: डोमेन (एकेक शापित राज्य), डार्कलॉर्ड (त्याचा मालक), डार्क पॉवर्स (त्याला तिथे डांबणाऱ्या अदृश्य शक्ती), सगळ्याला वेढणारं धुकं. 2016 साली 'कर्स ऑफ स्ट्राड' आलं आणि 2021च्या 'व्हॅन रिक्टन्स गाइड'ने अर्धं जग पुन्हा मोडून बांधलं. म्हणजे रीडिझाइन कसं करावं आणि कसं फसतं, दोन्ही छापील स्वरूपात हाताशी आहे. नवशिक्यांना ते वाचायला वेळ नसतो. किल्ल्याची चित्रं जमवायला मात्र भरपूर असतो.

या सगळ्या आवृत्त्यांत एक गोष्ट टिकून आहे. डोमेन म्हणजे त्याच्या मालकाचा तुरुंग. तिथे त्याचाच हुकूम चालतो, पण ज्या एका गोष्टीसाठी त्याने पाप केलं ती तेवढी हाती लागत नाही. रीडिझाइन करायचं ते या शिक्षेचं. पडदे बदलून काही होत नाही.

चूक पहिली: वातावरण बदललं, स्पेल लिस्ट तशीच

ही माझी लाडकी चूक, कारण सगळ्यात हुशार डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) हमखास इथेच आपटतात.

एका टेबलावर मी प्लेयर होतो. डीएमने बरोव्हियाला दुष्काळी करून टाकलं होतं. धान्याची कोठारं किल्ल्यात, खाली गावात उपासमार. कल्पना झकास. पहिल्या प्रसंगात एक बाई चामड्याचा पट्टा कापून उकळत बसलेली आणि शेजारी दोन पोरं पातेल्याकडे टक लावून बघताहेत. टेबलावर सगळे गप्प. तेवढ्यात ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणाऱ्या पोरीने शांतपणे विचारलं, "गावात माणसं किती?"

"असतील सत्तर-ऐंशी."

तिने शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हिशेब मांडला. पाचव्या लेव्हलच्या ड्रुइडला चार, तीन आणि दोन असे नऊ स्लॉट, म्हणजे दिवसाला नऊ वेळा जादू. गुडबेरी हा पहिल्या लेव्हलचा स्पेल (जादूचा मंत्र), एका वेळी दहा बोरं, एका बोरात एका माणसाचं दिवसभराचं पोषण. "नव्वद बोरं. सगळं गाव जेवलं, वर दहा उरली."

डीएमचा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "धुक्यामुळे बोरं काळी पडतात."

भीती तिथेच संपली आणि वकिली सुरू झाली. "मग क्युअर वूंड्स चालतं का?" "लाइट चालतो का?" प्रत्येक स्पेलआधी परवानगीचा अर्ज. जिथे डीएम ऐन वेळी नियम फिरवतो तिथे प्लेयरला किल्ल्यातल्या व्हॅम्पायरपेक्षा समोर बसलेल्या डीएमचाच जास्त संशय येतो, आणि एकदा आलेला संशय जात नाही.

बोरं चालू द्यायची होती. गाव जेवलं असतं, आशीर्वाद मिळाले असते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची माणसं वेशीवर आली असती. नऊच्या नऊ स्लॉट बोरांत गेलेत आणि रात्री लांडगे आलेत, आता ड्रुइड काय करणार? गाव सोडून पुढे जायचं तर उद्या इथे काय? आणि कोठारांच्या मालकाला पत्ता लागेलच, की माझ्या भुकेच्या धंद्यात कुणीतरी हात घातलाय. त्या पोरीने स्वतःहून स्वतःला गावाशी बांधून घेतलं असतं. यापेक्षा गॉथिक काय असतं!

माझी पद्धत सांगतो. पहिल्या सेशनआधी सगळ्यांच्या कॅरेक्टर शीट मागून घेतो आणि लाल पेन घेऊन बसतो. गुडबेरी, क्रिएट फूड अँड वॉटर, लेसर रेस्टोरेशन, रिमूव्ह कर्स, टायनी हट, स्पीक विथ डेड: प्रत्येकापुढे त्याची किंमत लिहितो. बंदी फक्त पळून जाण्याच्या जादूवर, आणि तीही पहिल्याच दिवशी सांगून. 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्ये हेच आहे. टेलिपोर्ट, प्लेन शिफ्ट, अगदी विशनेसुद्धा बरोव्हियाबाहेर पडता येत नाही. बाकीचे स्पेल काम करतात, फक्त अंगावर काटा आणून करतात. अलार्म लावला तर घंटेऐवजी किंकाळी ऐकू येते, मेज हँडचा हात हाडांचा असतो, रिव्हिव्हिफायने उठलेला माणूस किंचाळत उठतो. मरून चोवीस तास उलटल्यावर कुणाला परत आणलं तर तो वेड घेऊन परततो. 1990च्या बॉक्समध्ये तर समोरचा दुष्ट आहे की नाही हे जादूने कळायचंच नाही.

स्पीक विथ डेडचं, म्हणजे प्रेताला बोलतं करायच्या स्पेलचं, म्हणाल तर नियम नीट वाचा, अर्धं काम तिथेच झालंय. प्रश्न फक्त पाच, प्रेताला तोंड असावं लागतं, आणि विचारणारा शत्रू वाटला तर खरं बोलायचं बंधन प्रेतावर नसतं. खुनी शहाणा असेल तर जबडा घेऊन जाईल.

डार्कव्हिजनचंही तेच. अर्ध्या पार्टीला (प्लेयर्सच्या पात्रांच्या टोळीला) अंधारात दिसतं म्हणून डीएम रडत असतात. साठ फुटांपर्यंत दिसतं, तेही अंधुक उजेडासारखं, नजरेने काही हेरायचं तर डिसॲडव्हँटेजने (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), आणि रंग कळत नाहीत, नुसत्या करड्या छटा. भिंतीवरचा ओघळ पाण्याचा की रक्ताचा, हे मशाल पेटवल्याशिवाय कसं कळणार? आणि मशाल पेटवली की किल्ल्याच्या खिडकीतून दिसते.

चूक दुसरी: डार्कलॉर्डला एकतर बॉस करणं, नाहीतर बिच्चारा

स्ट्राडने धाकट्या भावाला, सर्गेईला, त्याच्या लग्नाच्या दिवशी मारलं, कारण नवरी तात्याना त्याला स्वतःला हवी होती. तिने किल्ल्यावरून उडी घेतली. तेव्हापासून ती पुन्हा पुन्हा जन्म घेते आणि दर वेळी याच्या हातून निसटते. इथे दोन्ही टोकं चुकीची. नुसता 144 हिट पॉइंटचा (मार सोसायच्या ताकदीचा आकडा) व्हॅम्पायर केला तर तो शेवटच्या खोलीत वाट बघत बसलेला पुतळा होतो. आणि 'प्रेमात पोळलेला राजपुत्र' केला तर तिसऱ्या सेशनला कुणीतरी प्लेयर त्याची समजूत काढायला बसतो. त्याने पाप जाणूनबुजून केलं आणि आजही तो दोष दुसऱ्यांनाच देतो, एवढं पक्कं धरून चाला.

हे आपल्याकडे आणताना होणारी गडबड तर मी इतक्यांदा पाहिलीय की आता नुसतं सिनॉप्सिस वाचून ओळखतो. पुण्यातला डीएम असला की शनिवारवाडा ठरलेला. 30 ऑगस्ट 1773, नारायणरावाचा खून, 'काका मला वाचवा', पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारा आवाज. भाऊबंदकी, वाडा, गारदी, सगळं गॉथिकला साजेसं, यात वाद नाही. पण मग हे लोक नारायणरावाचं भूत करतात आणि त्याला डार्कलॉर्डच्या गादीवर बसवतात! आपल्या भुताच्या गोष्टीत मेलेला अडकतो. रेव्हनलॉफ्टमध्ये मारणारा अडकतो. गादी मिळाली पाहिजे ती काकाला, आणि मिळाल्यावर रोज रात्री त्याच्या दाराशी ती हाक आली पाहिजे. नारायणराव तिथे शिक्षेचा भाग आहे, शिक्षा भोगणारा नाही. एवढा बदल केला की कॅम्पेन आपोआप उभं राहतं: काकाला तो आवाज कायमचा बंद करायचाय, आणि त्यासाठी तो पार्टीला कामावर ठेवतो.

छापील उदाहरण हवं असेल तर कालाकेरी बघा. जुन्या रेव्हनलॉफ्टमध्ये श्री राजी नावाचं भारतीय धर्तीचं डोमेन होतं, अरिजानी नावाच्या राक्षसाचं. जंगल, वाघ, शाप, म्हणजे परक्याने लांबून पाहिलेला भारत. 2021च्या 'व्हॅन रिक्टन्स गाइड'मध्ये त्याचं कालाकेरी झालं. गादीवर रम्या वासवदन, आणि अरिजानी व रीवा ही तिची भावंडं गादीसाठी तिच्याशी झुंजताहेत. तिघांपैकी कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न पहिल्याच सेशनला पार्टीपुढे येतो.

त्याच पुस्तकातला दमेंतल्यूचा बदल मला याहून आवडतो. पूर्वी तिथे डॉमिनिक द'ओनेर पडद्याआडून लोकांची मनं फिरवायचा. प्लेयर्सना ते कळणार कधी? आता तिथे सायद्रा द'ओनेर आहे. तिचं सगळं मोठेपण खोटं, आणि ते उघडं पडेल या धास्तीने ती मुखवट्यांचे नाचसोहळे भरवते. सोहळ्यात जो तोतया म्हणून पकडला जातो तो जिवंत परत जात नाही. पार्टी तिथे जाणार म्हणजे तोतया बनूनच जाणार. प्लेयरला काय करायचं ते सांगावंच लागत नाही.

चूक तिसरी: भटक्यांना चोर ठरवणं

जुन्या पुस्तकांतले व्हिस्तानी रोमा लोकांवरून बेतलेले होते, आणि त्यांचं चित्रण म्हणजे चोर, दारुडे, भविष्य सांगणारे, सैतानाचे हस्तक. टीका झाली, ती रास्तच होती, आणि 2020 साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने मजकुरात दुरुस्त्या केल्या. आपल्याकडचे डीएम म्हणतात, "मी तर व्हिस्तानी काढूनच टाकले," आणि त्या जागी कुठली तरी भटकी जमात नावानिशी आणून बसवतात, चोऱ्यांसकट. 1871च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा 1952 साली गेला, पण पोलीस अजून कुणाच्या पालावर आधी जातात ते आपल्याला माहीत आहे. गॉथिक कथेत गावाचा खोटा संशय दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. गावाला चुकीचं ठरवा मात्र. आणि जमातीचं खरं नाव वापरू नका, इथे मी हटून बसतो.

बाकीच्या, भराभर

हॅग म्हणजे हडळ, असं नाव बदलून तेच स्टॅट ब्लॉक (राक्षसाच्या आकड्यांचा तक्ता) वापरणं हा आळस आहे. मुंजा, ब्रह्मराक्षस, गिऱ्हा यांचे आपापले नियम आहेत: कुठे राहतो, कशाने धरतो, काय दिलं की सोडतो. ते नियम वापरा. आणि वेताळ मारून एक्सपी (अनुभवाचे गुण) वाटायच्या आधी लक्षात असू द्या, तळकोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार देव आहे. गोव्यात अमोण्याला त्याचं देऊळ आहे. तुमच्या टेबलावर त्या गावचा कुणी बसलेला असू शकतो.

भीतीचे सेव्ह (घाबरण्यापासून वाचायला टाकायचे फासे) दर खोलीत मागू नका. "तू घाबरलास" हे प्लेयरला सांगून तो घाबरत नाही. शिवाय दहाव्या लेव्हलचा पॅलाडिन (शपथेने बांधलेला योद्धा) आला की त्याच्याभोवती दहा फुटांत कुणी घाबरूच शकत नाही. मग काय करणार?

धुक्याची भिंत करून पार्टीला हव्या त्या दारात ढकलणं: एकदा चालतं.

आख्ख्या खंडाचा नकाशा आधी काढू नका. 1990मध्ये डोमेन एकमेकांना जोडून एक भूभाग केला होता, 2021मध्ये ती धुक्यातली सुटी बेटं झाली. जुने चाहते कुरकुरतात, कारण शेजारी राज्यांचं राजकारण गेलं. मलाही ते आवडायचं. पण घरी दोन आठवड्यांतून एकदा खेळणाऱ्याला एक बेट पुष्कळ झालं.

पत्त्यांचं भाकीत आधी ठरवून ठेवू नका. कोणती वस्तू कुठे आणि स्ट्राड कुठे भेटणार हे पत्त्यांवर सोडणं ही 1983च्या मॉड्यूलची सगळ्यात चलाख गोष्ट होती. टारोकाचा (बरोव्हियातल्या भाकिताच्या पत्त्यांचा) संच नसेल तर घरातला रमीचा कॅट आणि दोन जोकर, चोपन्न पत्ते भरतात. टेबलावर पिसा, प्लेयरलाच काटायला द्या. मग रात्री बसून निस्तरा.

ओल्ड बोनग्राइंडरच्या पवनचक्कीतल्या तिघी हॅग कमी लेव्हलच्या पार्टीला फाडून खातात, म्हणून त्यांना पातळ करणारे पुष्कळ. करू नका. पळायला वाट ठेवा आणि ती दिसू द्या.

सेफ्टीचं बोलणं पहिल्या सेशनआधी झालंच पाहिजे. लहान मुलं, जबरदस्ती, आत्महत्या, नुकतंच कुणाच्या घरी झालेलं मरण. मी प्रत्येकाशी वेगळा फोनवर बोलतो, कारण ग्रुपवर विचारलं की सगळे "मला काही प्रॉब्लेम नाही" म्हणतात. ज्या डीएमला हे 'वातावरण बिघडवणारं' वाटतं त्याच्या टेबलावर मी बसत नाही.

यूट्यूबवरचं तीन तासांचं भीतिदायक संगीत बंद ठेवा. मध्येच जाहिरात लागते.

आणि पार्टीने स्ट्राडला वेळेआधी मारलं तर? घाईघाईने त्याचे हिट पॉइंट वाढवत बसू नका, मरू द्या. पुस्तकातच सोय आहे: धुकं विरतं, उजेड पडतो, लोक बाहेर पडायला लागतात, आणि काही महिन्यांत डार्क पॉवर्स त्याला परत आणतात. दरम्यान ज्यांनी बरोव्हिया सोडली नाही त्यांची नावं लिहून ठेवा. पुढचं कॅम्पेन त्यांचं.