सिलिकोसिसची शंका आल्यास कामगाराने काय करावे

फाउंड्रीत वाळूचे साचे भरणारा, ओतकामानंतर साचा फोडून कास्टिंग (ओतलेला धातूचा भाग) बाहेर काढणारा किंवा ग्राइंडरवर फेटलिंग (त्या भागावरील जादा धातू घासून काढणे) करणारा कामगार खोकला आणि दम लागण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात जातो, तेव्हा त्याला किती दिवस खोकला आहे, ताप येतो का, वजन घटले का, हे विचारले जाते. तो काम काय करतो, हे मात्र बऱ्याचदा कोणी विचारत नाही. एक्स-रेमध्ये डाग दिसतात, क्षयरोगाची औषधे सुरू होतात आणि ज्या धुळीने फुफ्फुस निकामी होत आहे तिचा उल्लेख एकाही कागदावर येत नाही. सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचे, निदान, पुढील उपचार आणि नुकसानभरपाई या तिन्ही गोष्टी कामाच्या लेखी इतिहासावर अवलंबून असल्यामुळे तयारीची सुरुवात तेथूनच करावी.

वाळू, गारगोटी, ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांत स्फटिकरूप सिलिका भरपूर असते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात आणि घशात अडकते, परंतु काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे न दिसणारे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि तेथे कायमचे व्रण तयार करतात. हा आजार साधारणपणे 10 ते 20 वर्षांनी उघड होतो. सँड ब्लास्टिंगसारख्या (दाबाच्या हवेने वाळूचा मारा करून पृष्ठभाग साफ करण्याच्या) कामात धूळ अतिशय दाट असल्यास तो काही वर्षांतही होऊ शकतो. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो आणि झालेली हानी भरून काढणारे औषध उपलब्ध नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्या किंवा सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातील सिलिका वाळूचे काम या दृष्टीने जोखमीचे आहे. दख्खनच्या काळ्या दगडात मुक्त सिलिका तुलनेने कमी असते, परंतु तेवढ्यावरून खडी क्रशरची धूळ निरुपद्रवी मानणे चुकीचे ठरेल.

एका वहीत पहिल्या नोकरीपासूनचा तपशील क्रमाने लिहावा: कारखान्याचे किंवा खाणीचे नाव आणि गाव, ठेकेदाराचे नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत काम केले, नेमके कोणत्या विभागात, रोज किती तास, धूळ ओढून घेणारी यंत्रणा होती का, आणि मास्क दिला असल्यास कोणता. सोबत नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, हजेरी कार्ड, गेट पास, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि पगार जमा झाल्याच्या बँकेतील नोंदी ठेवाव्यात. ठेकेदारी कामगारांकडे यातले काहीच नसते, असा प्रसंग वारंवार येतो; अशा वेळी सोबत काम केलेल्या दोन-तीन सहकाऱ्यांचे लेखी निवेदन मिळवून ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ते सहकारी गावी परतण्यापूर्वीच हे काम उरकावे.

ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी आणि केसपेपरवर व्यवसायाची नोंद करण्याची स्पष्ट विनंती करावी. निदानासाठी छातीचा चांगल्या प्रतीचा एक्स-रे, श्वसनक्षमता मोजणारी स्पायरोमेट्री आणि गरजेनुसार सीटी स्कॅन केला जातो. थुंकीत जंतू सापडत नसतील आणि क्षयरोगाचा औषधोपचार पूर्ण होऊनही एक्स-रेमधील डाग तसेच राहत असतील, तर सिलिकोसिसचा विचार व्हायलाच हवा. मात्र सिलिकोसिस असलेल्या व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोकाही मोठा असतो आणि दोन्ही आजार एकत्र आढळतात. त्यामुळे आपल्याला धुळीचाच आजार आहे असे स्वतः ठरवून क्षयरोगाची औषधे बंद करणे जिवावर बेतू शकते. धूम्रपान पूर्णपणे सोडावे. प्रत्येक अहवालाची प्रत आणि एक्स-रेची मूळ फिल्म जपून ठेवावी. रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांत देण्याचा नियम आहे, हे रुग्णालयात नम्रपणे परंतु ठामपणे सांगता येते.

धुळीचा संपर्क थांबवण्यासाठी निदानाची वाट पाहू नये. तोंडावर बांधलेला रुमाल हे सूक्ष्म कण अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 किंवा त्याहून सरस मास्क उपयोगी पडतो, पण तो अखेरचा उपाय होय. पाण्याचा फवारा, धूळ जेथे निर्माण होते तेथेच ती ओढून घेणारी यंत्रणा आणि बंदिस्त यंत्रे ही मालकाची जबाबदारी आहे. शिफ्ट संपल्यावर कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ झटकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ती तत्काळ बंद करावी, कारण त्यातून बसलेली धूळ पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते.

सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. कारखान्यातील रुग्णाची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते, तर दगडखाण ही कायद्याने खाण ठरत असल्यामुळे तेथील तक्रार खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे करावी लागते. मालकाने टाळाटाळ केल्यास कामगाराने स्वतः लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. भरपाई व राज्य कामगार विमा (ईएसआय) यांच्या तरतुदी 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावल्या आहेत. हा ईएसआय विमा लागू असलेल्याने अपंगत्वाच्या लाभासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, तर विमा नसलेल्याने मालकाविरुद्ध भरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा करावा. आयुष्यात अनेक मालकांकडे धुळीत काम केले असल्यास जबाबदारी त्यांच्यात वाटून देता येते, आणि वहीतील जुन्या नोंदी नेमक्या येथे कामी येतात. दाव्याला मुदत असते, म्हणून निदान होताच कामगार संघटनेचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा.

कामगाराच्या मृत्यूनंतरही वारसांचा हक्क संपत नाही. मध्य प्रदेशातून गुजरातमधील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेलेल्या 238 मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गुजरात सरकारला दिला होता. त्यामुळे वही आणि अहवालांची फाइल घरात कोठे ठेवली आहे, हे कुटुंबातील एका तरी व्यक्तीला माहीत असावे, आणि मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात सिलिकोसिसची नोंद झाली आहे की नाही, हे नातेवाइकांनी प्रमाणपत्र हाती घेतानाच तपासून पाहावे.