सूत डाइंगच्या मशीनला ऑपरेटर स्क्रीन कशी आखावी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या डाइंगमध्ये, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यात, मशीनचं नवं टचस्क्रीन पॅनल आलं, की बहुतेक वेळा पाइपिंगचं ड्रॉइंगच स्क्रीनवर चढवलं जातं. टाकी निळी, वाफेची लाइन लाल, पंपाचा पंखा गरगर फिरतोय. मालक खूश होतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या मात्र ते फारसं कामाला येत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद घ्या. बॅच चालू असताना ऑपरेटर कोणते निर्णय घेतो ते लिहा, आणि प्रत्येक निर्णयापुढे त्याला लागणारे आकडे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची बॅच 60 अंशांवर न्यायची असेल तर नुसतं तापमान दाखवून भागत नाही. सेटपॉइंट (गाठायचं ठरवलेलं तापमान), मागच्या 30 मिनिटांचा ट्रेंड (तापमानाचा आलेख) आणि वाफेचा व्हॉल्व्ह किती टक्के उघडलाय, हे तिन्ही शेजारी-शेजारी हवेत. व्हॉल्व्ह 100 टक्के उघडलेला असूनही तापमान मागे, म्हणजे वाफेचं प्रेशर कमी आहे किंवा स्टीम ट्रॅप (वाफेचं थंड झालेलं पाणी बाहेर सोडणारा भाग) अडकलाय. व्हॉल्व्हचा आकडा दुसऱ्या पानावर ठेवलात, तर ऑपरेटर सेटपॉइंटशी खेळत बसतो. पंप चालू असताना डिफरन्शियल प्रेशर (सुताच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या दाबातला फरक) नेहमीपेक्षा खाली गेलं, तर पाणी चीजमधून (सुताच्या गुंडाळीतून) न जाता कडेने निसटत असण्याची शक्यता असते. त्या आकड्यामागे नेहमीची मर्यादा दाखवणारा पट्टा काढा.

पार्श्वभूमी फिकट करडी ठेवा. चालू पंप पांढरट, बंद पंप गडद करडा. लाल-पिवळा फक्त अलार्मसाठी, आणि त्यासोबत आकार किंवा अक्षरही द्या, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष कमी नाहीत. चालू-बंद ही खूण पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) आउटपुटवरून, म्हणजे नुसत्या हुकमावरून, न देता कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) किंवा लिमिट स्विचच्या (व्हॉल्व्हची प्रत्यक्ष जागा सांगणाऱ्या स्विचच्या) फीडबॅकवरून द्या. नाहीतर जास्त भारामुळे ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन मोटर थांबली तरी पंप ‘चालू’च दिसतो. पीएलसीशी संपर्क तुटला तर काही पॅनलवर शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो. तिथे आकड्याऐवजी रेघा दिसतील अशी सोय करा.

आता मापं. 7 इंची, 800×480 च्या पॅनलवर 1 मिमी म्हणजे साधारण 5 पिक्सेल. ओल्या हातमोज्यांसाठी बटण किमान 15 मिमी, म्हणजे 80 पिक्सेल. दोन मीटरवरून वाचायचा आकडा 10 ते 12 मिमी उंच. हातमोजे असतील तर दाबाने चालणारा रेझिस्टिव्ह टच बरा.

सोलापुरात एकाच पाळीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसं असतात. आकडे आणि चिन्हं मोठी, शब्द थोडे. मराठी मजकूर प्रत्यक्ष पॅनलवर तपासाच. संगणकावर नीट दिसणारी जोडाक्षरं पॅनलवर फुटतात. ठरावीक शब्द चित्र म्हणून टाकले की प्रश्न मिटतो.

सगळ्यात जास्त वेळ अलार्मवर घालवा. ऑपरेटरने काहीच करायचं नसेल, तर तो अलार्म नव्हे, नोंद. ‘ईईएमयूए 191’ या ब्रिटिश मार्गदर्शिकेनुसार दहा मिनिटांत सरासरी एकाहून जास्त अलार्म नसावा. लेव्हलचा अलार्म पाण्याच्या हिंदकळण्याने वाजत-थांबत राहतो. त्याला सुरुवातीला 60 सेकंदांचा विलंब आणि 5 टक्के डेडबँड (पातळी मर्यादेपासून तेवढी मागे आल्याशिवाय अलार्म न सुटण्याची सोय) द्या, मग मशीन पाहून बदला. मशीन भरताना पंप बंदच असतो, तेव्हा कमी प्रेशरचा अलार्म त्या टप्प्यापुरता बंद ठेवा. मजकुरात उपाय लिहा: ‘तापमान 3 अंश मागे – वाफेचं प्रेशर बघा’. ‘टीटी-101 लो’ असा तापमान सेन्सरचा नुसता क्रमांक वाचून कुणी जागचं हलत नाही.

सेटपॉइंटला पीएलसीतच खालची-वरची मर्यादा घाला, म्हणजे 60 ऐवजी 600 टाइप झालं तरी स्वीकारलं जाणार नाही. सोडा अ‍ॅशच्या (रंग सुतावर पक्का करणाऱ्या क्षाराच्या) डोसिंगचा वेळ बदलायला सुपरवायझरचा पासवर्ड ठेवा. डोस घाईने गेला की रंग असमान बसतो. इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर कधीच नको, तो वायरिंगमधलाच लाल मशरूम बटणाचा हवा. दाब असताना झाकण उघडू न देणारं इंटरलॉकही तसंच.