लाल, काळी, हिरवी आणि घोटाळा करणारी निळी

भिंतीतून आलेली निळी वायर आणि मिक्सरच्या केबलमधली निळी वायर, दोघींचा रंग एक असला तरी काम एक नसतं. मिक्सरमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी. भिंतीत ती फेज, म्हणजे करंट आणणारी, असू शकते, कारण आपल्याकडे थ्री फेजच्या तीन फेजना लाल, पिवळा आणि निळा हे रंग देतात आणि न्यूट्रलला काळा. थ्री फेज मीटर असलेल्या घरात एसीचा पॉइंट निळ्या फेजवर टाकलेला सहज सापडतो. म्हणून रंग वाचण्याआधी वायर भिंतीतली आहे की उपकरणाची, हे ठरवा.

भिंतीतल्या सिंगल फेज वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, आणि हिरवी किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली अर्थिंगची. उपकरणाच्या तीन तारांच्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. दोन्हीकडे बदलत नाही ती एकटी हिरवी. अमेरिकेत घर असणाऱ्यांनी मात्र हे सगळं विसरावं. तिथे काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, आणि अर्थिंगची हिरवी किंवा उघड्या तांब्याची.

बोर्डात आणखी एक वायर असते, तिला इलेक्ट्रिशियन 'हाफ' म्हणतात. ही बटणापासून दिव्याकडे किंवा पंख्याकडे जाते. बटण चालू असेल तेव्हा तिच्यात फेज असतो, बंद असेल तेव्हा नसतो. तिच्यासाठी लाल, पिवळी, निळी, हातात येईल ती वायर वापरली जाते. कॉइल संपली म्हणून काळीसुद्धा ओढलेली सापडते आणि खरा धोका तिथेच असतो. नंतर बोर्ड उघडणारा तिला न्यूट्रल समजून हात लावतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवणं. दिवा व्यवस्थित लागतो आणि बंद होतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असतो आणि बल्ब बदलताना शॉक बसतो. बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मिणमिणत राहिला, तर ही शक्यता आधी तपासून घ्या. (दुसरं कारण बटणातला इंडिकेटर असू शकतो.)

थोडक्यात, वायरिंग करणाऱ्याने काय ठरवलं होतं ते रंग सांगतो. प्रत्यक्ष काय झालंय ते टेस्टर सांगतो, तोही नीट वापरला तरच. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो का ते पाहा, मग हव्या त्या वायरला लावा, आणि शेवटी पुन्हा त्याच चालू सॉकेटमध्ये पेटवून पाहा. टेस्टर मधेच बिघडला असेल तर तिसऱ्या पायरीला कळतं. बोट मागच्या धातूच्या टोपीवर टेकलेलं हवं, पुढच्या दांड्याला लागता कामा नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की टेस्टरमधला निऑन दिवा मंद पेटतो आणि दिवसाउजेडी दिसतही नाही. त्यामुळे टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, असं धरू नका.

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला तर बहुधा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला आहे. चालू असलेल्या दिव्यातून किंवा फ्रिजमधून फेज फिरून काळ्या वायरवर आलेला असतो. ती काळी तेव्हा लालइतकाच शॉक देते.

मल्टिमीटर असेल तर एसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवा. फेज-अर्थ बराच कमी आला तर अर्थिंग नाही किंवा सुटलेलं आहे. २३० दिसला म्हणून मात्र अर्थिंग पक्कं ठरत नाही. मीटरला वाचायला नगण्य करंट पुरतो, पण दोष झाल्यावर जो करंट जमिनीत जायला हवा तो मोठा असतो.

इन्व्हर्टर असलेल्या घरात नुसता मेन स्विच पाडून काम सुरू करू नका. मेन पडला की इन्व्हर्टरला लाइट गेली असं वाटतं आणि तो लगेच त्याच दिव्या-पंख्यांच्या वायरींत २३० व्होल्ट सोडतो. आधी मेन बंद, मग इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद, आणि मग टेस्टर.

तीन पिनांचा प्लग बदलताना आत कोरलेली एल, एन, ई ही अक्षरं पाहा. तपकिरी एलला, निळी एनला, हिरवी-पिवळी ईला, म्हणजे मोठ्या पिनेला. सॉकेट समोरून पाहिलं तर मोठं भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. तारांची टोकं ८ ते १० मिलिमीटर सोला आणि पीळ देऊन स्क्रूखाली घ्या, एकही केस बाहेर राहू देऊ नका. हिरवी बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबलला हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. प्लगमधल्या केबल धरणाऱ्या पट्टीखाली केबलचं बाहेरचं जाड आवरण दाबलं गेलं पाहिजे, आतल्या तारा नव्हे.

अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. वॉशिंग मशीन चालतं, सगळे खूश. पण पुढे न्यूट्रल तुटला की मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो. घरात अर्थिंग असेल आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवली असेल तर असल्या जोडामुळे ती वारंवार पडते. तेव्हा जोड शोधायचा सोडून आरसीसीबीच काढून टाकणारा कारागीर दारातूनच परत पाठवावा. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर बदलून घ्या.

कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीने त्याला वायरपासून दूर ढकला आणि १०८ला फोन करा. तो शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा.

आणि बोर्डात चुकीच्या रंगाची वायर सापडली, ती बदलणं लगेच शक्य नसेल, तर वीज बंद करून तिच्या दोन्ही टोकांना खऱ्या कामाच्या रंगाची टेप गुंडाळा. काळी फेजला लावली असेल तर लाल टेप. हिरवी मात्र कधीच टेप लावून फेजला वापरू नका, ती काढून नवीनच ओढून घ्या: दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, गिझर-एसीला चारची.