ट्रॅक्टरचा सेल्फ: गॅरेजात बांधायचा की बदली आणायचा?

ऐन सोयाबीन काढणीत सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बंद पडला की ट्रॅक्टर वावरात उभा आणि मालक गॅरेजच्या दारात. नुसते कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजले असतील तर खुशाल उघडा, तासाभराचं काम आहे. त्यापुढचं काही असेल तर कारखान्यात पूर्ण खोलून बांधलेला बदली सेल्फच परवडतो.

आधी दोष सेल्फचाच आहे ना, ते बघा. टर्मिनल घासा. सेल्फ मारताना 12 व्होल्टची बॅटरी 9.6 च्या खाली गेली तर चांगली बॅटरी लावून पुन्हा मारा. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर केबल बदला.

गावात बांधणं फसतं ते आर्मेचरपाशी, म्हणजे सेल्फच्या आतल्या फिरत्या भागापाशी. त्याची दांडी ज्यात फिरते तो बुश झिजला की आर्मेचर खाली बसून बॉडीच्या आतल्या पोलवर (चुंबकाच्या लोखंडी तुकड्यांवर) रगडतं, त्याच्या पत्र्यांवर चकचकीत ओरखडा दिसतो. अशा वेळी नवा बुश ठोकून भागत नाही. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) लेथवर घ्यायचा, मग पट्ट्यांमधला अभ्रक अर्धा मिलिमीटर खाली कापायचा. अभ्रक वर राहिला तर कार्बन उड्या मारतो, ठिणग्या पडतात आणि तोच ट्रॅक्टर परत येतो. वाइंडिंग आतल्या आत शॉर्ट असेल तर ते ग्राउलरवरच (आर्मेचर तपासायच्या यंत्रावरच) कळतं. सीरीज बल्बवर फक्त बॉडीला लागलेला शॉर्ट दिसतो. लेथ तालुक्याला, ग्राउलर त्याहून लांब, आणि एवढं करून गॅरंटी मात्र तुमची.

बदली घेताना बुश, कार्बन, बेंडिक्स (पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलला जोडणारा भाग) आणि सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट नवे आहेत का, लोडवर तपासला का, हे विचारा. नुसता रंग मारलेला रिकंडिशन मालही 'कारखान्यात बांधलेला' म्हणून खपतो. पिनियनचे (सेल्फच्या टोकाच्या छोट्या गिअरचे) दात, फिरायची दिशा आणि बोल्टची भोकं जुन्याशी जुळवा. जुना सेल्फ अख्खा परत द्या. फुटक्या बॉडीवर जुन्यापोटी घेतलेली अनामत कापतात.

बसवताना आधी बॅटरीचा मायनस काढा. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघा, खाल्लेली रिंग नवा पिनियनही खाते. सेल्फच्या बसायच्या तोंडावरचा रंग खरवडून काढा, कारण सेल्फला अर्थिंग (मायनस) तिथूनच मिळतं. बेंडिक्सच्या आट्यांना ग्रीस थापू नका. काळ्या मातीची धूळ चिकटून तो अडकतो. एका वेळी 10 सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, हे ड्रायव्हरलाही सांगा.